तोंड वर म्हणजे रिकामं

५ मे, रविवार

काइसाने लग्नाचा फोटोग्राफर ठरवला. ड्वेन लाम्पी.

पुन्हा लिहितो, म्हणजे उद्या वाचताना आपण हे स्वप्नात ऐकलं असं वाटायला नको. माझ्या एकुलत्या एक पोरीच्या लग्नाचे फोटो ड्वेन लाम्पी काढणार. आणि मी, रेनो हकाला, ज्याने या गावात तीस वर्षं स्टुडिओ चालवला, तिचा सख्खा बाप, धडधाकट जिवंत असताना! ड्वेनला कॅमेरा कुठल्या बाजूने धरायचा हे मी शिकवलं. माझ्या डार्करूममध्ये माझीच कॉफी ढोसून शिकला आणि पुढे माझ्याच समोरच्या फुटपाथवर दुकान थाटलं. मी गेल्या वर्षी स्टुडिओ बंद केला तो आपणहून. गिऱ्हाईक येत नव्हतं हा भाग वेगळा.

काइसा फोनवर म्हणाली, डॅड, त्या दिवशी तू फोटोग्राफर नाहीस, माझा बाप आहेस. मला तू फोटोत हवा आहेस. लहानपणापासूनचे माझे सगळे फोटो बघ, एकातही तू नाहीस. सगळीकडे मी आणि मम्मी, दोघीच.

मी म्हणालो, साहजिक आहे, फोटो कोण काढत होतं?

तिला ते पटलं असणार. मग तिने वचन घेतलं, कॅमेरा आणायचा नाही. दिलं.

मार्लिस म्हणाली, खिम्याची पॅस्टी गार होतेय, आधी जेवून घे. नवऱ्याच्या काळजात सुरी खुपसली गेली तरी ही बाई पॅस्टीचंच बघणार.

संकल्प: ड्वेनबद्दल एक शब्दही काढायचा नाही.

६ मे, सोमवार

ब्रेकफास्टला ड्वेनबद्दल साधारण तासभर बोललो. मार्लिस मधेच उठून कामावर गेली. तिचं क्लिनिक उघडायला अजून बराच वेळ होता.

भाजीच्या दुकानात ड्वेनच नेमका समोर. रुटाबागा निवडत होता. म्हणाला, बॉस, तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका, माझ्या कॅमेऱ्यात दोन कार्डं असतात, प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर जातो, एक गेलं तरी दुसरं आहेच.

मला अक्कल शिकवतो! भित्रा लेकाचा. ज्याचा स्वतःच्या हातावर भरवसा नाही तो प्रत्येक गोष्ट दोनदा करतो. माझ्याही कॅमेऱ्यात दोन कार्डांची सोय आहे. मी दुसरी खाच रिकामी ठेवतो. तत्त्व म्हणून.

मी फक्त त्याने निवडलेली रुटाबागा उचलून माझ्या टोपलीत टाकली.

१८ मे, शनिवार

बागेत खणताना नीट विचार केला. काइसाचे शब्द असे होते की, तू फोटोग्राफर म्हणून येऊ नकोस. कबूल. मी बाप म्हणूनच येणार. आता एखाद्या बापाच्या कोटात कॅमेरा असला तर तो फोटोग्राफर होतो का? डॉक्टरच्या खिशात पेन असलं म्हणून तो कारकून होत नाही.

"कॅमेरा आणू नकोस" असंही म्हणाली होती. पण ते भावनेच्या भरात.

ड्वेन फोटो बिघडवणार यात मला शंका नाही. पोरगी रडत माझ्याकडे येईल. डॅड, निदान तुझ्याकडे तरी असतील ना? आणि मी शांतपणे कार्डं टेबलावर ठेवीन. शांतपणे, हे महत्त्वाचं.

मार्लिसला सांगितलेलं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही. म्हणजे राहतं, पण चेहऱ्यावर दिसतं.

२ जून, रविवार

पास्टर निवृत्त झाले. चर्चच्या तळघरात कॉफी, वेलचीचा नीसू पाव, हॅम सँडविच. मी फुकट फोटो काढायचं कबूल केलं. हेतू, हाताला सराव.

दोन कार्डं होती. एक अर्धं भरलेलं, एक रिकामं. भाषणांच्या आधी रिकामं समजून अर्धं भरलेलं घातलं आणि फॉरमॅट मारला. कॅमेऱ्याने विचारलं, सगळं पुसू का? मी म्हणालो, पूस. पास्टरबाई सगळ्यांना मिठी मारून रडल्या, ते सगळे फोटो गेले.

दोष कार्ड बनवणाऱ्यांचा. सगळी कार्डं एकाच रंगाची, एकाच आकाराची, माणसाने ओळखायची कशी? आणि त्या तळघरातला उजेड. आणि माझ्या कानाशी मार्लिसची बहीण, मुळव्याधीचं सांगत होती.

पास्टर म्हणाले, असू दे रेनो, देवाच्या लक्षात आहे. या माणसाला बरं झालं निवृत्त केलं ते.

३ जून, सोमवार

आज एक गोष्ट जन्माला आली. तिला मी "पद्धत" म्हणणार आहे.

कार्डं ठेवायला छोटं पाकीट, चार कप्पे, चार कार्डं. कार्डाची लेबल असलेली बाजू म्हणजे त्याचं तोंड. तोंड वर म्हणजे रिकामं. तोंड खाली म्हणजे भरलेलं. बास. भरलेलं कार्ड कॅमेऱ्यातून काढलं की पालथं ठेवायचं. कार्ड हवं असेल तेव्हा ज्याचं तोंड वर, ते उचलायचं. आत घालताक्षणी फॉरमॅट. बघायचं नाही, विचार करायचा नाही. विचार करण्यात पास्टरबाई गेल्या.

आणखी एक लोखंडी नियम: भरलेलं कार्ड आत ठेवून कॅमेरा कधीही खाली ठेवायचा नाही. आधी कार्ड बदलायचं, मग बाकीचं जग.

चार कार्डं मुद्दाम छोटी घेतली आहेत. मोठ्या कार्डात सगळं लग्न मावतं, पण हरवलं तर सगळं लग्न हरवतं. छोटी असतील तर फार तर पाव लग्न जाईल. असा विचार करणारी माणसं आता राहिली नाहीत.

पद्धत कुणालाही सांगायची नाही. सांगितली की ड्वेन उचलणार. त्याने माझ्याकडून काय काय उचललं नाही!

२२ जून, शनिवार. युहानुस, उन्हाळ्याचा सण.

तळ्याकाठी होळी पेटवायला सगळं गाव. पद्धतीची पहिली चाचणी. पूर्ण यशस्वी. एकही कार्ड चुकलं नाही.

चारही कार्डं होळी पेटायच्या आधीच भरली, ही पद्धतीची चूक नाही. सीगल पक्षी उडत होते आणि माझा कॅमेरा एका दमात वीस फोटो काढतो.

होणारा जावई ट्रेंट तिथेच होता. मोठ्या पुलापलीकडचा, म्हणजे परगावचा पोरगा, इन्शुरन्समध्ये आहे, तळ्याच्या पाण्यात पाय घालायला घाबरतो. म्हणाला, मिस्टर हकाला, एकच मोठं कार्ड का नाही घेत? मी म्हणालो, तू एकच बूट का नाही घालत? तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

सगळे होळीचे फोटो काढत होते. मी त्यांच्याकडे बघत उभा होतो. ड्वेनही काढत होता. दोन-दोन कार्डांवर.

१४ जुलै, रविवार

मार्लिसला पाकीट सापडलं. तिला वाटलं जुनी कार्डं आहेत. टेप आणि मार्कर घेऊन आली. म्हणाली, यावर लिहून ठेव ना भरलं की रिकामं, तुझा गोंधळ होतो.

माझा गोंधळ होतो! तीस वर्षं गावातल्या प्रत्येक नवरीला मी देखणी केली, त्यात काही देखण्या होत्याही, आणि ही बाई मला बालवाडीतल्यासारखी लेबलं लावायला सांगते. मी म्हणालो, सर्जनच्या हातावर कुणी "उजवा" लिहून ठेवतं का?

ती म्हणाली, तू सर्जन असतास तर मी गाव सोडलं असतं. आणि मार्कर ड्रॉवरमध्ये टाकून निघून गेली.

जाताना विचारलं, पण ही बाहेर का काढली आहेस? मी म्हणालो, धूळ पुसायला.

१० ऑगस्ट, शनिवार

काइसा आली होती. लग्नात बापलेकीचा पहिला वॉल्ट्झ असतो, त्याची प्रॅक्टिस करायला. आमच्या गावच्या हॉलची जुनी रीत अशी की नवरीच्या बापाने एक फेरी पुरी केल्याशिवाय बाकी कुणी फ्लोअरवर पाय टाकायचा नाही. तोवर अ‍ॅकॉर्डियनवाला सुरुवातीचाच तुकडा वाजवत बसतो.

किचनमध्येच नाचलो. मार्लिसने रेडिओ लावला. मी दोनदा पायावर पाय दिला. काइसा म्हणाली, डॅड, माझ्याकडे बघ, फरशीकडे नको. बघितलं. पोरगी फार हलकी नाचते. खिडकीतून संध्याकाळचा उजेड तिच्या केसांवर पडला होता. असा उजेड मी तीस वर्षांत दोन-तीनदाच पाहिला असेल. कॅमेरा वर बेडरूममध्ये. हळहळ वाटली.

तिने पुन्हा विचारलं, आणणार नाहीस ना? मी म्हणालो, काय? ती म्हणाली, डॅड! मी म्हणालो, नाही गं बाई, किती वेळा विचारशील.

ती गेल्यावर कोटाच्या अस्तराला आतून कापलं आणि पाकिटासाठी चोरखिसा केला. शिवणकाम येत नाही, त्यामुळे गॅफर टेप. टेप शिवणीपेक्षा पक्का असतो.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

उद्या लग्न. पुरुषमंडळींचा सॉना. ट्रेंटचा आयुष्यातला पहिला. तापलेल्या दगडांवर पाण्याचा दुसरा तांब्या पडला तसा लालबुंद होऊन दाराकडे पळाला. अशाच्या हातात मी पोरगी देतोय.

ड्वेनही आला होता. कुणी बोलावलं? काइसाने. उघडाबंब बसून म्हणतो, बॉस, उद्या तुम्ही निवांत राहा, मी आहे ना.

कार्डांचं पाकीट कुठे ठेवावं? घरात मार्लिस, गाडीत चोर. म्हणून टॉवेलमध्ये गुंडाळून सॉनात घेऊन गेलो. मग लक्षात आलं की तिथे अंडं उकडेल इतकी उष्णता असते. पाकीट घेऊन तसाच बाहेर पळालो आणि तळ्यातल्या गार पाण्यात गुडघाभर उभा राहून त्यावर फुंकर घातली. शेजारीण बागेत होती. तिने हात केला. मीही केला, दुसरा हात टॉवेलला होता.

कार्डं ठीक आहेत. चारही तोंडं वर.

१७ ऑगस्ट, शनिवार. सकाळ.

घरात वीस बायका आणि एक हेअर ड्रायर. काइसा आरशासमोर. दाराच्या फटीतून काढले. पहिलं कार्ड भरलं, पालथं केलं. पद्धत मख्खन चालू आहे.

त्याच दिवशी, चर्चच्या टॉयलेटमध्ये

काइसाला हाताला धरून चर्चमध्ये नेलं. कॅमेरा कोटात, बगलेखाली. तिचा दंड आपटला. कुजबुजली, डॅड, हे काय टोचतंय? मी म्हणालो, बायबल.

तिला ट्रेंटकडे पोचवून जागेवर आलो आणि कामाला लागलो. नवा पास्टर शपथा सोडून माझ्याकडे बघायला लागला. कॅमेरा वीस-वीसच्या दमाने वाजतो, त्याला मी काय करू? काइसानेही वळून बघितलं. तो फोटो मस्त आला असणार, डोळे एकदम बोलके.

दुसरं कार्ड भरलं. पालथं. दोन पालथी, दोन उताणी. कोण म्हणतं गोंधळ होतो? दारावर कुणीतरी थापा मारतंय.

त्याच दिवशी, हॉल, कोटांच्या खोलीत

काइसाने गाठलं. चेहऱ्यावरची जाळी बाजूला केली आणि म्हणाली, डॅड, मी आज भांडणार नाही. तू वचन मोडलंस, झालं. चर्च गेलं. ग्रँड मार्चच्या रांगेचेही फोटो काढ हवे तर. पण वॉल्ट्झला तो कॅमेरा खाली ठेव. एवढी एकच फेरी. ठेवशील?

मी म्हणालो, ठेवीन. अगदी मनापासून म्हणालो. तिने माझ्या गालाला हात लावला.

जेवताना ग्रेव्ही सांडली म्हणून कोट खुर्चीला लावला होता, तो आता पुन्हा घातलाय. पाकीट जागच्या जागी. ग्रँड मार्चसाठी तोंड वर असलेलं कार्ड घेतलं, घातलं, फॉरमॅट. चला.

१८ ऑगस्ट, रविवार

काल काय झालं ते थंड डोक्याने लिहितो.

ग्रँड मार्च म्हणजे नवरानवरीच्या मागे दोघांचे आईबाप जोडीने चालतात आणि त्यामागे सगळा हॉल. मी स्टेजवर चढलो, कारण वरून रांग छान दिसते. मार्लिस एकटी चालली. घरी येताना गाडीत तिने रेडिओ मोठा लावला, ते मला पसंत पडलं.

मार्च संपता संपता कार्ड भरलं. तेवढ्यात माइकवरून पुकारा झाला, बापलेकीचा वॉल्ट्झ, रेनो हकाला कुठे आहे?

मी केकच्या टेबलामागे होतो. निघालोच होतो. कॅमेरा खाली ठेवायचं कबूल केलं होतं आणि मी तो ठेवणारच होतो. पण भरलेलं कार्ड आत ठेवून कॅमेरा खाली ठेवायचा नाही, हा नियम. अर्ध्या मिनिटाचं काम. काइसाला खूण केली, आलो. भरलेलं काढलं, पालथं केलं. उताणं घेतलं. कार्डाच्या झाकणात केकचं क्रीम गेलं होतं, ते बसेना. रुमालाने पुसलं. अ‍ॅकॉर्डियनवाला सुरुवातीचाच तुकडा वाजवतोय. पुन्हा पुकारा झाला. काइसा फ्लोअरच्या मधोमध एकटी, गाऊन हातात धरून. सगळा हॉल भिंतीला टेकून बघतोय. मी ओरडलो, एक मिनिट, कार्ड! कुणीतरी हसलं. मग खूप जण हसले. काइसा नाही हसली.

कॅमेऱ्याने विचारलं, सगळं पुसू का? पूस म्हटलं.

मान वर केली तर ड्वेन लाम्पी. त्याने आपला कॅमेरा काढून खुर्चीवर ठेवला, पँटला हात पुसले आणि जाऊन तिच्यासमोर उभा राहिला. काहीतरी बोलला. ती माझ्याकडे बघत होती. मग तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

कोण हा? कुणी सांगितलं त्याला? माझी जागा, माझी पोरगी, माझा वॉल्ट्झ! मधे घुसून त्याला बाजूला करायला हवं होतं. मी निघालोही होतो. पण त्याच क्षणी ती मान मागे टाकून हसली, डोळ्यांत पाणी, आणि दाराकडून संध्याकाळचा आडवा उजेड आला. माझ्या हातात कॅमेरा तयार होता. मी काढले. सगळी फेरी काढली.

तीस वर्षांत इतके चांगले फोटो मी काढलेले नाहीत. हे कुठेतरी लिहून ठेवलं पाहिजे, म्हणून इथे लिहितो.

आता कार्डांचं. सकाळी कॉम्प्युटरला लावली. एकात ग्रँड मार्च. एकात वॉल्ट्झ. उरलेली दोन कोरी करकरीत, अगदी पाकिटातून काढल्यासारखी. घरातलं नाही, चर्चमधलं नाही. पोरीचा हात धरून आत गेलो त्यानंतरच्या शपथांचं काहीच नाही.

मी किचनमध्ये जाऊन विचारलं, माझ्या कोटाला कुणी हात लावला होता का? मार्लिस भांडी घासत होती. म्हणाली, तुझा टेप सुटला होता, जेवताना सगळी कार्डं टेबलाखाली सांडली. मी उचलून ठेवली. लग्नाच्या दिवशी तमाशा नको म्हणून बोलले नाही.

मी विचारलं, कशी ठेवली?

ती म्हणाली, कशी म्हणजे? नीट. दोन उलटी झाली होती, ती सुलटी केली.

सगळ्यांची तोंडं वर! आणि मग मी एकेक उचलून पुसत गेलो. कोरी दोन पडून राहिली आणि भरलेली दोन मी माझ्या हाताने साफ केली.

मी म्हणालो, बाई, तू काय केलंस तुला कळतं का? तोंड वर म्हणजे रिकामं! ती म्हणाली, हे मला कधी सांगितलं होतंस? मी म्हणालो, सांगायची गोष्ट नाही, ती पद्धत आहे. तिने हातातली ताटली खाली ठेवली आणि म्हणाली, रेनो, पोरगी काल फ्लोअरवर एकटी उभी होती, आणि तू अजून कार्डांचं बोलतोयस.

बायकांना तांत्रिक गोष्टी समजत नाहीत.

२० ऑगस्ट, मंगळवार

गेलेले फोटो परत आणणारं सॉफ्टवेअर उतरवलं. पूर्वी असल्या लोकांना मी हसायचो. दिवसभर चाललं. चर्चच्या छताचा अर्धा तुकडा आला. नव्या पास्टरचा एक कान आला. बाकी सगळ्यावर मी इतके फोटो चढवले होते की खाली काही उरलं नाही.

ग्रँड मार्चचं कार्ड नीट बघितलं. शेकडो फोटो, प्रत्येकात मार्लिस एकटी चालतेय, आणि प्रत्येकात थेट माझ्याकडे बघतेय. फोकस उत्तम.

काइसाला फोन केला नाही. ती हनीमूनला आहे. तिचाही आला नाही, याच कारणाने.

१ सप्टेंबर, रविवार

ड्वेन लग्नाचा अल्बम घेऊन स्वतः घरी आला. दार मी उघडलं. म्हणाला, बॉस, त्या दिवशी मी मधे पडलो, राग मानू नका, पोरगी उभी होती, मला बघवेना. मी म्हणालो, राग कसला? आणि दार लावून घेतलं. मार्लिसने जाऊन पुन्हा उघडलं, त्याला कॉफी दिली, नीसू दिला. मी गॅरेजमध्ये गेलो.

तो गेल्यावर अल्बम बघितला. टीका करायच्या तयारीने बसलो होतो. उजेड बरा आहे. रचना ठीक. माझ्याच हाताखाली शिकलाय म्हटल्यावर ठीक असणारच.

बारापंधरा फोटोंत मी आहे. चर्चच्या बाकावर माझं टक्कल, तोंड कॅमेऱ्यामागे. जेवताना मान खाली, खिशात हात. केकजवळ मी वाकलेलो, नुसती पाठ. पान उलटत गेलो, कुठेतरी एखादा सरळ चेहरा असेल म्हणून. घरातून निघताना, गाडीत बसताना, ग्लास उंचावून टोस्ट करताना. नाही. मार्लिस मागे उभी राहून बघत होती. मग ती आतल्या खोलीत गेली.

संध्याकाळी काइसाचा फोन. किती दिवसांनी! आवाज साधा होता. म्हणाली, डॅड, ड्वेनकडे वॉल्ट्झचा एकही फोटो नाही, त्याने कॅमेरा ठेवला होता ना. तुझ्याकडे आहे का?

मी म्हणालो, आहे का? अगं आहे का म्हणजे काय! शेवटी माझ्याकडेच यावं लागलं की नाही? ती म्हणाली, हो. मी म्हणालो, मोठा करून देतो, फ्रेम करून देतो, भिंतीवर मी स्वतः लावतो. ती मग म्हणाली, बरं.

मार्लिसला सांगितलं, बघ, गेलं का माझं काही फुकट? तिने पांघरूण डोक्यावर ओढलं. तिला झोप आली असेल, उजेड होता तरी.

१२ ऑक्टोबर, शनिवार

फ्रेम घेऊन काइसाच्या नव्या घरी गेलो. काम छान झालंय, अक्रोडाची चौकट, मॅट कागद. मार्लिस आली नाही, डोकं दुखतंय म्हणाली. कामाचे कपडे घातले होते, ड्रिल, खिळे, लेव्हल, सगळं बरोबर. काइसाने शिडी धरली.  मी उजेडाबद्दल सांगत होतो, दाराकडून कसा आडवा आला. ती हं हं करत होती.

मी वर चढलेला असताना ट्रेंट त्याच्या आजीला घेऊन आला. खुब्याचं ऑपरेशन झालं म्हणून बाई लग्नाला येऊ शकल्या नव्हत्या. त्या आल्या तशा वॉकरवर हात टेकून फोटोसमोर उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, फ्रेमवाले, जरा डावीकडे घ्या. मी डावीकडे घेतली.

मग बराच वेळ बघत होत्या. ड्वेनकडे बोट करून म्हणाल्या, हे मुलीचे वडील का? काय जीव लावून बघतायत पोरीकडे. हल्ली असे बाप राहिले नाहीत.

ट्रेंट स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. काइसा शिडी मात्र घट्ट धरून होती, मला पायाला जाणवत होतं.

मी म्हणालो, हो, तेच वडील.

बाई म्हणाल्या, दिसतंच आहे. मी लेव्हल लावून बघितली, फ्रेम सरळ होती, आणि खाली उतरलो.